बेवड

कॉलेजच्या लॅबमध्ये मिक्सर नव्हता.
घरचा नेला, चटणीचा.
पहिल्या अर्काला लसणाचा वास होता.
नेहेते सर म्हणाले, हा धरू नकोस.
वहीतलं ते पान मी फाडलं नाही.

दादरचा कडबा, निलगिरी, कडुनिंब,
बांधावरचा तरोटा.
सावलीत वाळवायचं, कुटायचं,
शंभर ग्रॅमला लिटरभर पाणी, रात्रभर.
गाळल्यावर थेट चहाच दिसतो,
इतका, की वॉचमन सपकाळेकाकांनी एकदा
कप पुढे केला.

काचेच्या बशीत ओला कागद, कागदावर बिया, पंचवीस,
चोपड्याच्या स्टँडमागून ओरबाडून आणलेलं
गाजरगवत.
श्वास रोखून मोजायच्या. उडतात.

सहाव्या दिवशी
साध्या पाण्याच्या बशीत बावीस उगवल्या.
इवलं इवलं हिरवं, एका बाजूला उजेडाकडे कललेलं.
मला आनंद झाला.
मग आठवलं, आपण मारायला बसलोय.

दादर, वीस टक्के : तीन.
मुळं तपकिरी, टोकाशी वळलेली,
चटका बसल्यावर बोट आखडतं तशी.

ठगूआक्का आमच्या गल्लीत शेवटच्या घरात.
चाळीस वर्षं निंदणी. विळ्याची मूठ
तिच्या तळव्याच्या मापाची झालीय, की तळवा मुठीच्या, कोण जाणे.
मी तिला आकडे वाचून दाखवले.
ती हसली. म्हणाली,
दादरना बेवड कडू ऱ्हास, बेन.
त्या वावरात पुढल्या साली तीळ धड येत नाही,
हे तिच्या सासऱ्याला ठाऊक होतं, बैलालाही असेल.

एक महिना मी लायब्ररीत
ज्या गोष्टीचं लांबलचक नाव पाठ करत होते
तिला आमच्याकडे तीन अक्षरं होती.

मग तिने वही मागितली.
वाचता येत नाही, पण मी चिकटवलेली वाळकी पानं तिने ओळखली,
बोट ठेवत गेली : तणांची यादी, पान सात.
हाई तांदुळजा शे. हाई घोळ.
हाई पाथरी, दूध येस म्हैसले.
हाई काय तण शे वं?
माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेन्सिल होती.
तिने दाखवली ती नावं मी खोडली.
यादी निम्मी झाली.

आणि मी मारायचं औषध करतेय हे कळल्यावर
तिने विचारलं, मंग आम्ही काय करू?
रागाने नाही. भाव विचारतात तसं.

थोड्या वेळाने तिने बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत कातडी काळी, जाड, खाजवून फुटलेली.
गाजरगवत.
याले मार आधी, म्हणाली.
बाकीनं आम्ही पाहू.

होस्टेलमागे सुतळी बांधून चार चौकोन केले.
एकाची सुतळी बकरीने खाल्ली.
फवारलेल्या दोन चौकोनांत गाजरगवत खुरटलं, पिवळं पडलं,
शेजारच्या कपाशीच्या चार रोपांनीही मान टाकली,
आणि लव्हाळा,
लव्हाळ्याला काहीच झालं नाही,
तो सकाळी दव घेऊन उभा.

नेहेते सर म्हणतात, कपाशीचा आकडा टेबलात घाल,
कारण तोच कुणी विचारणार.
घातला.
लव्हाळ्याचाही घातला. बकरीचा तळटीपेत.

ठगूआक्काला आता मी दर रविवारी
कडबा कुटायला बोलावते, रोजाने.
प्रोजेक्टच्या पैशांतून नाही, ते केव्हाच संपले.
ती कुटते, मी गाळते.
तिच्या हाताला खोबरेल लावून फडकं गुंडाळलेलं असतं.
मधूनच ती मूठभर पूड नाकाशी नेते आणि सांगते
कडबा कुठल्या वावरातला, काळीतला की मुरमाड.
मी ते लिहून घेते.
रकाना नव्हता, पट्टीने आखला.

काल साध्या पाण्याची बशी फेकायची होती.
बावीसच्या बावीस, चार पानांवर आलेली.
खिडकीत ठेवलीय अजून.
उद्या फेकेन.